आठवण कुठल्या पेशीत असते?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. आठवण मेंदूतल्या नेमक्या कुठल्या पेशीत असते? पेशीतली प्रथिनं काही दिवसांत झिजून बदलली जातात, तर चाळीस वर्षांपूर्वीची आठवण टिकते कशी? आणि तुमच्या वडिलांना सकाळी घरी कोण येऊन गेलं ते सांगता येत नाही, पण शाळेत बाकावर शेजारी कोण बसायचं ते मात्र ते नावानिशी सांगतात, हे कसं? तिन्ही प्रश्नांची मुळं एकाच ठिकाणी आहेत, म्हणून तुकडे न करता सलग लिहितो. मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. गेली वीसेक वर्षं मुख्यतः विस्मरणाचे रुग्ण बघतो, त्यामुळे प्रयोगशाळेतलं ज्ञान आणि रुग्णांनी शिकवलेलं, दोन्ही यात येईल.

आधी थोडक्यात. आठवण कुठल्याही एका पेशीत नसते. ती पेशींच्या आपसातल्या जोडण्यांमध्ये असते. कुठली जोडणी घट्ट, कुठली सैल, या मांडणीत असते. त्या मांडणीतून एखाद्या क्षणी विजेच्या स्पंदनांचा एक ठरावीक आकृतिबंध उठतो, तेव्हा आपल्याला ‘आठवतं’. तो विरला की आठवण चालू रूपात कुठेच नसते. तो पुन्हा उठू शकेल अशी जुळणी तेवढी मागे राहते.

हे वाक्य वाचायला सोपं आहे, पण मला ते खऱ्या अर्थाने एका दुपारी उमगलं. साठीच्या एका बाईंना त्यांचे यजमान घेऊन आले होते. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, “अहो, आपण इथं कशाला आलोय?” यजमान म्हणाले, “अगं, तुला सकाळपासून काही लक्षात राहत नाहीये, म्हणून दाखवायला आलोय.” “हो का? मला काही झालंय का?” मग दोन-तीन मिनिटं शांतता. आणि पुन्हा त्याच सुरात, त्याच हेलात, “अहो, आपण इथं कशाला आलोय?” यजमानांनी सकाळपासून हे उत्तर शंभरदा तरी दिलं असेल. तरी प्रत्येक वेळी ते शांतपणे देत होते, फक्त आवाज थकला होता.

मी तपासायला घेतलं. नाव, वय, मुलांच्या जन्मतारखा, सगळं बिनचूक. तीन शब्द सांगितले: खुर्ची, नदी, पिवळा. त्यांनी लगेच म्हणून दाखवले. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ९३, ८६, ७९, ७२, कुठेही अडखळल्या नाहीत. विचारलं, “मघाचे तीन शब्द?” “कुठले शब्द?” मी फोन घ्यायला मिनिटभर बाहेर गेलो आणि परत आलो, तर त्यांनी मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा नमस्कार केला.

या आजाराला तात्पुरता सार्वत्रिक स्मृतिलोप म्हणतात. तो चोवीस तासांच्या आत आपोआप उतरतो आणि मागे सहसा काही ठेवत नाही. त्या बाई रात्रीपर्यंत ठीक झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये एक पांढरा ठिपका दिसला, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. हा भाग कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असतो, साधारण करंगळीएवढा. मी तो ठिपका बराच वेळ बघत राहिलो. एका बाईंना आख्खा दिवस मनात धरता न येण्याचं कारण एवढंसं होतं, आणि त्या दिवसाच्या आधीचं सगळं आयुष्य मात्र शाबूत होतं.

यातून लगेच दोन गोष्टी वेगळ्या होतात. तीन शब्द काही सेकंद धरून ठेवणं हे वेगळं काम आहे. ते मुख्यतः कपाळामागच्या भागातल्या पेशी करतात. शब्द धरायचे तोवर त्या स्पंदत राहतात आणि लक्ष हललं की थांबतात. माकडांच्या मेंदूत अशा पेशी १९७१ मध्ये नोंदवल्या गेल्या. बाईंचं हे काम नीट चालू होतं. बंद पडलं होतं ते नवी जोडणी करणं. तुमचे तिन्ही प्रश्न या दुसऱ्या कामाबद्दल आहेत.

आपण ‘मनाच्या कप्प्यात जपलेली आठवण’ म्हणतो, आणि त्यामुळे मेंदू म्हणजे कप्प्यांचं कपाट असं चित्र डोक्यात बसतं. पण मराठीचं व्याकरण त्याहून खरं बोलतं. आपण ‘मला आठवलं’ म्हणतो. आठवण येते, होते, जागी होते. ती ठेवलेल्या वस्तूसारखी उचलून आणत नाही, ती घडते. मेंदूत जे होतं ते या क्रियापदांच्या फार जवळ आहे.

कप्पा शोधण्याचा प्रयत्न मात्र शास्त्रज्ञांनी मनापासून केला. रिचर्ड सेमॉन यांनी १९०४ मध्ये आठवणीच्या मेंदूतल्या खुणेला ‘एन्ग्राम’ हे नाव दिलं. कार्ल लॅश्ली यांनी ती खूण शोधण्यात कितीतरी वर्षं घालवली. उंदरांना भूलभुलैया शिकवायचा, मग मेंदूच्या सालीचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, एकेक भाग कापायचा आणि शिकलेलं जातं का बघायचं. कुठला भाग कापला यापेक्षा किती कापला यावरच विसरणं अवलंबून दिसलं. १९५० मध्ये त्यांनी हा सगळा शोध मांडला, आणि एन्ग्रामची जागा काही सापडली नव्हती. बरेच जण याला अपयश म्हणतात. मी म्हणत नाही. पसरलेली गोष्ट एका जागी सापडणार नाही, हे त्यांच्या उंदरांनी स्पष्ट दाखवलं होतं.

लॅश्लींचेच विद्यार्थी डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये त्याला आकार दिला. एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत असेल, तर त्या दोघींमधली जोडणी बळकट होते. असं होत होत एकत्र चेतणाऱ्या पेशींचा एक संघ तयार होतो आणि पुढे त्यातल्या थोड्या चेतल्या तरी बाकीच्या चेततात. हे त्या वेळी निव्वळ अनुमान होतं. आणि हेबच्या विद्यार्थिनी ब्रेंडा मिल्नर यांच्यासमोर तो रुग्ण आला, ज्याच्यामुळे हिप्पोकॅम्पसचं महत्त्व जगाला कळलं.

हेन्री मोलेसन. हयातभर वैद्यकीय लिखाणात फक्त ‘एच. एम.’, पूर्ण नाव २००८ मध्ये ते गेल्यावर जाहीर झालं. अपस्माराचे झटके कशानेच आटोक्यात येईनात, म्हणून १९५३ मध्ये, ते २७ वर्षांचे असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्यांच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि शेजारचा ऊतक काढला. झटके कमी झाले. पण त्यानंतर पंचावन्न वर्षं त्यांना नवीन घटना जवळजवळ लक्षात राहिल्या नाहीत. माझ्या रुग्ण बाईंची ती एक दुपार त्यांच्या बाबतीत आयुष्यभर चालली. बालपण आठवत होतं, बोलणं-चालणं सभ्य आणि हुशार माणसाचं होतं. मिल्नरनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात बसला, चुका कमी झाल्या, आणि तरी आपण हे आधी कधी केलंय हे त्यांना दरवेळी ठाऊकच नव्हतं. अंगवळणी पडणं आणि आठवणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे तिथे दिसलं. पहिल्याचा कारभार लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींमधल्या जाळ्यांकडे असतो. सायकल का विसरत नाही, याचं उत्तर तिकडे आहे. इथे त्यात शिरत नाही.

आता जोडणी घट्ट होते म्हणजे नेमकं काय होतं ते जवळून बघू. मला हा भाग अजूनही विलक्षण वाटतो, म्हणून थोडं सावकाश.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी अनेकींना हजारो जोडण्या असतात. जोडणीच्या ठिकाणी दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये एक फट असते, मिलिमीटरचा सुमारे पन्नास हजारावा भाग इतकी अरुंद. या जागेला सिनॅप्स म्हणतात. अलीकडची पेशी चेतली की फटीत ग्लुटामेट नावाचं रसायन सोडते. पलीकडच्या पेशीवर ते ओळखणारी दारं असतात. त्यांतली नेहमीची दारं ग्लुटामेट लागलं की उघडतात, निरोप पोचतो, काम संपतं. पण शेजारी आणखी एका प्रकारचं दार असतं, एनएमडीए रिसेप्टर. त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा कण बुचासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट आलं तरी हे दार वाहतं होत नाही. पलीकडची पेशी त्याच वेळी स्वतःही पुरेशी चेतलेली असेल, तरच विद्युतभार बदलून बूच निघतं. म्हणजे या कुलपाला दोन किल्ल्या आहेत आणि दोन्ही एकाच वेळी फिरायला लागतात.

हेबनी कागदावर लिहिलेली अट एका रेणूने अशी अक्षरशः पाळलेली आहे. ‘हे आणि ते एकत्र घडलं’ हे ओळखणारं यंत्र म्हणजे हे दार. ते उघडलं की कॅल्शियम आत शिरतं. त्यातून रासायनिक साखळी सुरू होते, आतल्या साठ्यातली नेहमीची दारं पृष्ठभागावर आणून बसवली जातात, आणि पुढच्या वेळी तेवढ्याच ग्लुटामेटला ही पेशी जास्त जोरात प्रतिसाद देते. ऑस्लोमध्ये टिम ब्लिस आणि तेर्ये ल्यॉमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे बळकट होणं दाखवलं, १९७३ मध्ये. थोडा वेळ वेगाने विद्युतस्पंदनं दिली, तर जोडणीचा वाढलेला जोर तासन्‌तास टिकून राहिला. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एनएमडीए दार बंद करणारं औषध सोडलं. पाण्याच्या हौदात दडवलेला चौथरा कुठे आहे, हे त्या उंदरांना धड शिकता आलं नाही.

हा वाढलेला जोर तेवढ्यावर सोडला तर उतरतो. टिकायचा असेल तर पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप जावा लागतो, जनुकं चालू व्हावी लागतात, नवी प्रथिनं बनावी लागतात. एरिक कँडेल यांनी हे समुद्री गोगलगायीत उलगडलं; तिच्या साऱ्या मज्जासंस्थेत जेमतेम वीस हजार पेशी, त्याही मोठ्या आणि एकेक ओळखता येणाऱ्या. थोडं शिकवलं तर असलेल्या जोडण्यांचा जोर काही काळ वाढतो. थांबून थांबून, दिवसांचं अंतर ठेवून शिकवलं तर जोडणीची टोकंच नव्याने फुटतात, जवळजवळ दुप्पट होतात. या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल विभागून मिळालं. एका रात्रीत घोकलेलं आठवड्यात उडतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, याचं एक मूळ इथे आहे.

पण एक सिनॅप्स म्हणजे आठवण नव्हे, जशी एक गाठ म्हणजे गालिचा नव्हे. आठवण जाळ्यातून उभी राहते आणि ते सर्वांत चांगलं दिसतं हिप्पोकॅम्पसच्या आतल्या रचनेत.

मेंदूच्या सालीतून, म्हणजे बघणं, ऐकणं, स्पर्श, भाषा यांच्या भागांतून आलेली माहिती आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स या उंबरठ्यावर गोळा होते. तिथून डेंटेट जायरस, मग सीए-३, मग सीए-१ आणि पुन्हा उंबरठ्यावरून सालीकडे, असा फेरा आहे. यात डेंटेटचं काम सारख्या गोष्टी वेगळ्या ठेवणं. तिथल्या पेशी पुष्कळ आणि कमालीच्या मितभाषी. एका वेळी फार थोड्या चेततात. चष्मा काल खिडकीत ठेवला होता, आज टेबलावर. दोन्ही प्रसंग नव्वद टक्के सारखे. ते दोन वेगळ्या संघांना नेमून दिले नाहीत तर एकमेकांत मिसळतील. वयाबरोबर हे कौशल्य कमी होतं, म्हणून चष्मा सापडत नाही.

सीए-३ नेमकं उलटं काम करतो. तिथल्या पेशी प्रामुख्याने एकमेकींशीच जोडलेल्या असतात. उंदरात मोजलं तर सीए-३ मधल्या एका पेशीला डेंटेटकडून साधारण पन्नासच जोडण्या येतात, पण आपल्याच सीए-३ मधल्या भावंडांकडून सुमारे बारा हजार. अशा जाळ्याचा गुण असा की त्यात एखादा संघ एकदा घट्ट बांधला गेला, की त्यातला तुकडा चेतला तरी बाकीचा संघ ओढला जातो. डेव्हिड मार यांनी १९७१ मध्ये ही कल्पना गणिताने मांडली. जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये अशाच जाळ्याचं जे प्रतिमान दिलं, त्यासाठी त्यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, जेफ्री हिंटन यांच्यासोबत. जिन्यावर पावलं वाजतात आणि दार उघडायच्या आधीच कोण आलंय ते कळतं. चेहरा, नाव, काल झालेलं भांडण, सगळं एका आवाजामागून येतं, हे काम असं चालतं. आणि नाव अगदी ओठावर असून येत नाही, तेव्हा संघ अर्धवट चेतलेला असतो. पहिलं अक्षर येतं, माणसाची चाल दिसते, पण ओढ पुरी पडत नाही. अशा वेळी नावावर जोर देत बसण्यापेक्षा त्या माणसाला शेवटचं कुठे भेटलो होतो ते आठवावं. दुसरी दोरी ओढली की पुष्कळदा नाव आपसूक येतं.

इथे एक गैरसमज होऊ नये. अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी तारा बसवाव्या लागतात. अशा रुग्णांमध्ये २००५ मध्ये काही पेशी आढळल्या, ज्या एकाच नटीच्या निरनिराळ्या फोटोंना चेतत होत्या आणि इतर चेहऱ्यांना नाही. लगेच ‘एक पेशी, एक माणूस’ अशी समजूत पसरली. तसं नाही. शेकडो चित्रांतून आणि मूठभर पेशींतून अशी जोडी सापडते, याचा अर्थच असा की त्या व्यक्तीसाठी चेतणाऱ्या पेशी पुष्कळ असणार आणि प्रत्येक पेशी अनेक गोष्टींत सामील असणार. मला त्याहून मोलाचा वाटतो तो २००८ चा प्रयोग. रुग्णांना छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर काय आठवतं ते आपणहून सांगायला लावलं. एखादी फीत बघताना चेतलेली पेशी, रुग्णाने त्या फितीचं नाव घेण्याच्या एक-दोन सेकंद आधी पुन्हा चेतत होती. बाहेर काहीही दाखवलेलं नसताना. आठवण येताना ती अशी नोंदली गेली.

या संघालाच आठवण म्हणायचं का, याची कसोटी २०१२ मध्ये लागली. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत शू लियू आणि स्टीव्ह रामिरेझ यांनी उंदराला एका पेटीत हलका विजेचा झटका दिला. त्या वेळी डेंटेटमधल्या ज्या पेशी चेतल्या, तेवढ्याच प्रकाशाला प्रतिसाद देतील अशी जनुकीय व्यवस्था आधीच केलेली होती. मग उंदराला दुसऱ्या, निर्धोक पेटीत ठेवून मेंदूत निळा प्रकाश सोडला. उंदीर भीतीने जागच्या जागी थिजला. प्रकाश बंद, उंदीर पुन्हा फिरायला लागला. पुढच्या वर्षी त्यांनी निर्धोक पेटीचा संघ चेतवून त्याच वेळी दुसरीकडे झटका दिला, आणि उंदीर त्या निर्धोक पेटीला घाबरायला लागला, जिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं. जी जोडणी झाली तीच त्याची आठवण झाली, मग घडलेलं असो वा नसो.

त्याच प्रयोगशाळेतला २०१५ चा निष्कर्ष तुमच्या प्रथिनांच्या प्रश्नाला थेट भिडतो. शिकल्याबरोबर उंदरांना नवी प्रथिनं बनू न देणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी ती पेटी दाखवली, तर उंदरांना भीती आठवेना. जोडण्यांचा जोरही वाढलेला नव्हता. पण संघाच्या पेशी प्रकाशाने चेतवल्या तर भीती आली! म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे ही मांडणी शिल्लक होती, फक्त बाहेरच्या खुणेने तिथवर पोचता येत नव्हतं. पुढच्या वर्षी अल्झायमरचं प्रतिरूप असलेल्या उंदरांतही, आजाराच्या सुरुवातीला, असंच आढळलं. उंदरांवरून माणसाचा उपचार लगेच निघत नाही, हे नातेवाइकांना मी नेहमी सांगतो. पण ‘विसरलं’ म्हणजे पुसलंच गेलं असं नाही, एवढं यातून पक्कं झालं.

तर प्रथिनं बदलत असताना आठवण टिकते कशी? सिनॅप्समधले रेणू खरोखरच दिवसा-आठवड्यांत बदलतात. पण एकेक रेणू बदलताना शेजारचे जुने रेणू जागेवर असतात आणि नव्याला त्याच कामाला लावतात. नदीतलं पाणी बदलतं, पात्र राहतं. त्याशिवाय एकच आठवण हजारो जोडण्यांवर विखुरलेली असल्याने थोड्या गेल्या तर बाकीच्या ती ओढून पुरी करतात. संघातल्या पेशीही कायमच्या नसतात. उंदरांच्या सीए-१ मध्ये ओळखीच्या जागेसाठी चेतणाऱ्या पेशी कित्येक आठवडे पाहिल्या गेल्या, २०१३ मध्ये. एका दिवशी चेतलेल्यांपैकी दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा दिसणाऱ्या १५ ते २५ टक्केच निघाल्या, तरी जागेचा नकाशा कायम. वादकांपैकी रोज काही बदलतात आणि राग तोच वाजतो.

आता तुमचे वडील. हिप्पोकॅम्पस आठवणीचे सगळे तपशील स्वतःकडे ठेवत नाही. प्रसंगातला चेहरा सालीच्या एका भागात, आवाज दुसऱ्या, जागा तिसऱ्या भागात राहते, आणि हिप्पोकॅम्पस त्यांच्या दोऱ्या एकत्र धरतो. पुढे महिने-वर्षं लागून सालीतल्या त्या भागांच्या आपसातल्या जोडण्या घट्ट होत जातात आणि दोऱ्या धरणाऱ्याची गरज कमी होते. यात झोपेचा वाटा मोठा आहे. उंदीर जागेपणी ज्या जागांतून धावला, त्या जागांच्या पेशींमधलं नातं झोपेत पुन्हा उमटतं, हे १९९४ मध्ये मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी दाखवलं. ही उजळणी हिप्पोकॅम्पसमधल्या क्षणभराच्या तरंगांवर, कितीतरी पट वेगाने होते. २००९ मध्ये झोपेतले हे तरंग मुद्दाम मोडून बघितले, तर उंदीर शिकण्यात मागे पडले.

शाळेतल्या बाकाची गोष्ट वडिलांनी आयुष्यात शेकडो वेळा आठवली, सांगितली, झोपेत उजळली. ती सालीत विणली गेली आहे. सकाळच्या पाहुण्यासाठी मात्र आज नवी गाठ बांधायला हवी होती आणि गाठी बांधणारा भागच थकला असावा. जुनं टिकतं आणि नवं आधी जातं हे तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवलं होतं. अल्झायमरमध्ये पेशींवरचा घाला मी वर सांगितलेल्या उंबरठ्यावर, एन्टोरायनल कॉर्टेक्सवर, फार लवकर येतो. अगदी सौम्य अवस्थेतल्या रुग्णांतही तिथल्या दुसऱ्या थरातल्या सुमारे ६० टक्के पेशी गेलेल्या आढळल्या आहेत. उंबरठाच ढासळला तर आत काही पोचत नाही.

पण वडिलांना तोच आजार आहे असं माझ्या या लिखाणावरून कृपा करून ठरवू नका. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, काही झोपेच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या, यांनीही नवं लक्षात राहत नाही, आणि यातलं बरंचसं सुधारतं. प्रत्यक्ष तपासणी करून घ्या, आणि तीही लवकर.

तोवर एक गोष्ट मात्र आजपासून करता येईल. “सकाळी कोण आलं होतं, सांगा बघू?” अशी परीक्षा घेणं थांबवा. बंद असलेल्या कामाची परीक्षा घेतल्याने ते काम सुरू होत नाही, माणूस फक्त लाजतो. त्याऐवजी दोरी त्यांच्या हातात द्या: “सकाळी तुमचे मित्र आले होते, तुम्ही जुन्या शिक्षकांबद्दल बोलत होतात.” पुष्कळदा बाकीचा प्रसंग त्यावरून उभा राहतो.

कधी ते घडलेलं थोडं वेगळंच सांगतील. त्याला खोटं बोलणं म्हणू नका. आपण आठवणीला उजाळा देतो म्हणतो, आणि धातूला उजाळा देताना दरवेळी थोडा थर घासला जातोच. करीम नादर आणि जोसेफ लडू यांच्या गटाने २००० मध्ये दाखवलं की पक्की झालेली भीतीची आठवणही उंदराला आठवून दिली की काही तास मऊ होते, आणि त्या वेळात नवी प्रथिनं बनू दिली नाहीत तर ती पुन्हा पक्की होत नाही. निरोगी माणसांतही हे चालतं. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अवकाशयान कोसळलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून आपण ही बातमी कुठे, कशी ऐकली ते लिहून घेतलं होतं. अडीच वर्षांनी पुन्हा विचारलं तर अनेकांनी वेगळीच हकिगत सांगितली आणि तीही छातीठोकपणे. काहींना त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी खरी आठवण परतली नाही. मांडणी बदलली होती, आणि जुन्या मांडणीची प्रत मेंदूत कुठे वेगळी ठेवलेली नसते.

त्या बाई दोन आठवड्यांनी पुन्हा आल्या, या वेळी एकट्या आणि हसतमुख. खुर्ची, नदी, पिवळा हे शब्द मी पुन्हा सांगितले आणि दहा मिनिटांनी त्यांनी तिन्ही सांगितले. त्या दिवसाचं मात्र सकाळी केस विंचरण्यापर्यंतचं त्यांना आठवत होतं आणि नंतर थेट रात्रीचा खोलीतला दिवा. मधले नऊ-दहा तास परत आले नाहीत, येणारही नाहीत, कारण ते बांधलेच गेले नव्हते. त्यांनी मला विचारलं, “त्या दिवशी मी काय विचारत होते हो सारखं?” मी सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “आणि हे दरवेळी उत्तर देत होते?”